टीव्ही शिकणाऱ्यांच्या वाट्याला राष्ट्रीय पुरस्कार का येत नाहीत, आणि कधी येतात

लातूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्याच्या महाविद्यालयाच्या जनसंवाद विभागात विद्यार्थीच एक यूट्यूब वाहिनी चालवतात. दर आठवड्याला बुलेटिन, अधूनमधून मुलाखती, गणपती विसर्जनाचं थेट प्रक्षेपण आणि दर ३० सप्टेंबरला किल्लारीला जाऊन भूकंपातून वाचलेल्या लोकांशी बोलणं, असं चार वर्षांचं काम साठलं आहे. त्याच्या सरांचं म्हणणं असं की राष्ट्रीय पुरस्कार फिल्मवाल्यांसाठी असतात, टीव्हीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. पुण्याच्या एफटीआयआयमध्येही (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) टीव्ही विभागाला फिल्म विभागाचा धाकटा भाऊ समजतात, असंही त्याच्या कानावर आलं आहे. तेव्हा वाहिनीचं काम कुठे पाठवता येईल का, आणि पदवीनंतर एक वर्षाचा टीव्ही अभ्यासक्रम करण्यात अर्थ आहे का, असं तो विचारतो.

मी आधी वृत्तवाहिन्यांमध्ये संकलन केलं आणि आता बरीच वर्षं विद्यार्थ्यांच्या निर्मितीचं काम पाहतो. त्या अनुभवावरून लिहितो.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. टीव्ही शिकणाऱ्याचं काम राष्ट्रीय पातळीवर गौरवलं जातं का? जातं. एखाद्या विद्यार्थी वाहिनीला वाहिनी म्हणून गौरवणारी राष्ट्रीय व्यवस्था आपल्याकडे आहे का? नाही. मग चार वर्षांच्या वाहिनीच्या कामातून पुरस्काराला पाठवण्याजोगी एखादी कृती निघू शकते का? तुमच्या बाबतीत निघू शकते असं मला वाटतं, आणि ती कोणती ते तुमच्याच प्रश्नात लिहिलेलं आहे. त्याकडे पुढे येतो. तुमच्या सरांनी पहिल्या दोन प्रश्नांना एकच उत्तर दिलं, गोंधळ तिथे झाला.

आधी एफटीआयआयविषयी, कारण ‘धाकटा भाऊ’ या समजाला इतिहास आहे. संस्था १९६० साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली, तेव्हा तिथे फक्त चित्रपट शिकवत. टीव्हीचं प्रशिक्षण १९७१ साली दिल्लीत सुरू झालं आणि १९७४ साली ते पुण्याला आणून याच संस्थेला जोडलं. याच काळात संस्थेच्या नावात ‘टेलिव्हिजन’ आलं. तो काळ डोळ्यांसमोर आणा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेलं होतं. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. देशाला एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर दृश्य बदलणाऱ्या पॅनेलवर बसणारी, स्टुडिओचे तीन कॅमेरे सांभाळणारी, ठरल्या मिनिटाला कार्यक्रम सुरू करून ठरल्या मिनिटाला संपवणारी माणसं हवी होती. टीव्ही विभाग उभा राहिला तो मुख्यतः दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांना तयार करण्यासाठी. बाहेरच्या पदवीधरांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम नंतर आले.

प्रशिक्षणाचा हेतू असा असला की कामाचं रूपही त्याप्रमाणेच ठरतं. स्टुडिओत तीन कॅमेऱ्यांवर केलेली मुलाखत, नाट्यप्रवेशाचं चित्रीकरण, मैदानातून केलेलं थेट प्रक्षेपण, हे सगळे सराव होते. त्यांचं मूल्यमापन झालं, शिक्षकांनी चुका दाखवल्या, की त्यांचं काम संपलं. तो कार्यक्रम पुढे जपून ठेवावा, त्याची प्रत काढावी, कुठे पाठवावी, असं कुणाच्या मनातही यायचं कारण नव्हतं. शेजारच्या फिल्म विभागात मात्र शिक्षणाचा शेवटच पदविका चित्रपटाने व्हायचा. तो पूर्ण करायचा, त्याची प्रिंट निघायची, निर्माता म्हणून संस्थेचं नाव लागायचं आणि तो महोत्सवांना जायचा. विधू विनोद चोप्रांच्या ‘मर्डर ॲट मंकी हिल’ला १९७६ सालच्या चित्रपटांसाठीचा सर्वोत्कृष्ट प्रायोगिक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो विद्यार्थिदशेतलाच चित्रपट होता. श्रीराम राघवन यांच्या ‘द एट कॉलम अफेअर’ या पदविका चित्रपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उमेश कुलकर्णींची ‘गिरणी’ आपल्याला जवळची. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीने एका लहान मुलाचं जग बदलून जातं, एवढीच गोष्ट. तीही पदविका फिल्मच होती आणि तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हणजे राष्ट्रीय पुरस्कारांच्या कथाबाह्य (माहितीपट, लघुपट यांच्या) विभागाच्या याद्यांत एफटीआयआयचं नाव वर्षानुवर्षं दिसतं, पण ते प्रामुख्याने फिल्म विभागामुळे. यावरून टीव्ही विभागात गुणवत्ता कमी होती असा निष्कर्ष लोक काढतात. मला तो अन्यायाचा वाटतो. पुरस्काराच्या टेबलावर ठेवता येईल अशी वस्तूच तिकडे तयार होत नव्हती. तुमच्या वाहिनीचंही आज नेमकं तेच होतं आहे. दर शुक्रवारी बुलेटिन गेलं की शनिवारी तुम्ही पुढच्या शुक्रवारच्या मागे लागता.

आता पुरस्कार कशाला मिळतात ते पाहू. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ पासून दिले जातात आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. या पुरस्कारांत कथापट, कथाबाह्य चित्रपट आणि चित्रपटविषयक लेखन असे विभाग आहेत. विद्यार्थ्यांचं काम बहुधा कथाबाह्य विभागात जातं. तिथे माहितीपट आहे, तीस मिनिटांपर्यंतचा लघुपट आहे, दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी आहे. बातमीपत्राला, थेट प्रक्षेपणाला किंवा मुलाखतींच्या मालिकेला तिथे वर्गच नाही. २०२३ पासून गोव्यातल्या इफ्फी या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामध्ये वेब मालिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला, पण तो ओटीटीवरच्या मोठ्या निर्मितीसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे ग्लासगो विद्यापीठाचं विद्यार्थी टीव्ही केंद्र १९६४ पासून आणि यॉर्कचं १९६७ पासून चालतं. अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटना आहे आणि तिचे दरवर्षीचे पुरस्कार असतात. त्यांत बातम्यांना पुरस्कार असतो, थेट प्रक्षेपणाला असतो, आणि सगळ्यांत वरचा मान ‘सर्वोत्कृष्ट प्रक्षेपक’ म्हणून अख्ख्या केंद्राला मिळतो. त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला आपल्या केंद्राचा पुरस्कारांचा इतिहास सांगता येतो, कोणत्या साली काय जिंकलं ते मिरवता येतं. आपल्याकडे असं काहीसं रेडिओत घडलं. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातलं पहिलं परिसर (कॅम्पस) रेडिओ केंद्र सुरू झालं, पाठोपाठ पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आली, आणि माहिती व प्रसारण मंत्रालय सामुदायिक रेडिओ केंद्रांना राष्ट्रीय पुरस्कारही देऊ लागलं. रेडिओसाठी परवान्याची वेगळी व्यवस्था झाली, म्हणून केंद्रं झाली आणि केंद्रं झाली म्हणून पुरस्कार आले. परिसर टीव्हीसाठी असा परवाना आपल्याकडे नाही. तुमची वाहिनी सरकारदरबारी वाहिनी नाहीच, तो एक यूट्यूबचा पत्ता आहे. हे मला खटकतं, आणि विद्यार्थी वाहिन्यांची एखादी देशव्यापी संघटना उभी राहिली तर मी तिच्या कामाला आनंदाने जाईन. पण आजची वस्तुस्थिती ही आहे.

आतापर्यंतचं सांगायचं तर वाहिनीला दार बंद आहे, कृतीला उघडं आहे. त्या उघड्या दारातून टीव्हीचे विद्यार्थी आत कसे गेले, त्याचं अलीकडचं उदाहरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

२०२४ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला पहिला पुरस्कार मिळाला. जगभरातल्या ५५५ चित्रपटशाळांतून २,२६३ प्रवेशिका आल्या होत्या, त्यांतून १८ निवडल्या गेल्या आणि त्यांत हा पहिला आला. दिग्दर्शक चिदानंद नाईक एमबीबीएस झालेले, म्हैसूरचे. बातम्यांमध्ये ‘एफटीआयआयचा विद्यार्थी’ एवढंच आलं आणि महत्त्वाची गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. हा चित्रपट टीव्ही विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातला होता. दिग्दर्शन, इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफी, संकलन आणि ध्वनी अशा चार शाखांचे चार विद्यार्थी वर्षअखेरीस एकत्र येऊन जो संयुक्त सराव करतात, तो हा सराव. एक वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमातली कृती कानमध्ये निवडली जाऊन जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुढे १ ऑगस्ट २०२५ रोजी ७१वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा कथाबाह्य विभागातला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार याच चित्रपटासाठी नाईकांना मिळाला.

पुरस्कार पटकथेला मिळाला, याकडे लक्ष द्या. चित्रीकरणाला चार दिवस होते. सगळी गोष्ट रात्रीची. एक म्हातारी गावातला कोंबडा चोरून नेते आणि गावात सूर्यच उगवेनासा होतो. लोककथेवरून घेतलेली ही कल्पना सोळा मिनिटांत मावते, तिला मोठा सेट लागत नाही, नटांची फौज लागत नाही, आणि रात्र हा अडसर न राहता तीच गोष्टीची गरज होते. हातात काय आहे ते ओळखून गोष्ट निवडणं हा टीव्हीच्या माणसाचा रोजचा व्यायाम असतो. संध्याकाळी सातला बुलेटिन आहे, कॅमेरा एक आहे, बाइट, म्हणजे लोकांच्या बोलण्याचे तुकडे, दोनच मिळाल्या आहेत, तर बातमी कशी उभी करायची? ही शिस्त चार वर्षं तुमच्या अंगात मुरली आहे. फिल्मवाल्या विद्यार्थ्यांना ती मुद्दाम शिकवावी लागते. मी दोन्हीकडच्या मुलांबरोबर काम केलं आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो.

नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं केलं ते एवढंच की सरावाला त्यांनी सराव मानलं नाही. वर्षअखेरीचं काम गुणांपुरतं करून मोकळं होता आलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ती एफटीआयआय, आमचं लातूर. मग नागराज मंजुळेंचं पाहा. ते जनसंवाद शिकले नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जनसंवाद विभाग, जिल्ह्याचं गाव, मर्यादित साधनं, सगळं तुमच्यासारखंच. परीक्षक मंडळ एका खोलीत बसून दिवसभर चित्रपट पाहतं. त्यांना तुमच्या विभागात कॅमेरे किती आहेत हे दिसत नाही. पडद्यावर जे येतं तेवढंच दिसतं.

म्हणून तुमच्या किल्लारीच्या चित्रीकरणाकडे येतो. तुम्ही ते प्रश्नात एका ओळीत उरकलं आहे आणि विसर्जनाच्या थेट प्रक्षेपणावर चार ओळी लिहिल्या आहेत. मला उलटं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, ती अनंत चतुर्दशीनंतरची रात्र होती. विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांत जे तेव्हा तिशीत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत. तुम्ही चार वर्षं त्याच दिवशी तिथे जाता आहात, आणि माझा अंदाज आहे की दरवेळी काही माणसं तीच भेटत असणार. एकाच माणसाला एकाच तारखेला लागोपाठ चार वर्षं त्याच प्रश्नाला उत्तर देताना कॅमेऱ्यात पकडलेलं असणं, ही गोष्ट पैसे टाकून मिळत नाही. मोठ्या वाहिन्यांकडेही ती नसते, कारण त्यांचा वार्ताहर पंचविसाव्या किंवा तिसाव्या वर्षीच तिथे उगवतो.

पण ते चित्रीकरण आज बुलेटिनच्या रूपात आहे, माहितीपटाच्या नाही. फरक कुठे आहे ते नीट सांगतो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक ‘माहितीपट’ हे लांबवलेलं बुलेटिन असतात. पहिली गोष्ट निवेदन. बुलेटिनमध्ये तुमचा अँकर सांगतो आणि माणूस त्याला बाइट देऊन दुजोरा देतो. वीस मिनिटांच्या चित्रपटात हेच केलं तर प्रेक्षकाला पाचव्या मिनिटाला कळतं की पुढे काय येणार. निवेदन पूर्ण काढून संकलन करून पाहा. जिथे गोष्ट तुटेल तिथेच, आणि तिथेही आधी चित्राने जोडता येते का ते पाहून मगच, एखादं वाक्य घाला. वाईट निवेदनाने बुडालेली चांगली कामं मी खूप पाहिली आहेत. उलट निवेदन हीच चित्रपटाची ताकदही होऊ शकते. ‘मर्मर्स ऑफ द जंगल’ या मराठी माहितीपटाला ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान मिळाला आणि त्याच्या निवेदनालाही वेगळा पुरस्कार मिळाला. पण तिथे निवेदन जंगलाच्या गोष्टीतूनच येतं, माहिती भरण्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट शांतता. तुमच्या मूळ फुटेजमध्ये माणूस बोलायचा थांबतो, दूर पाहतो, चहाचा कप खाली ठेवतो, ते क्षण असतील. बुलेटिनसाठी ते तुम्ही कापले, आणि तिथे ते बरोबरच होतं. माहितीपटात ते परत आणायचे आहेत. म्हणून पहिला प्रश्न असा की मूळ फुटेज जपलं आहे का? यूट्यूबवर चढवलेल्या तयार भागातून काही होणार नाही. त्यात खाली मजकुराची पट्टी आहे, लोगो आहे, संगीत आहे, आवाज दाबलेला आहे. विद्यार्थी वाहिन्यांमध्ये कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करून पुढच्या चित्रीकरणाला वापरायची सवय असते. तुमच्याकडे तसं झालं असेल तर चारपैकी किती वर्षांचं मूळ साहित्य उरलं आहे यावर सगळं ठरेल. दोन वर्षांचं असेल तरी काम होईल. काहीच नसेल तर येत्या सप्टेंबरपासून नव्याने सुरू करावं लागेल, आणि मग तुमच्यानंतरच्या तुकडीला ते पूर्ण करावं लागेल.

तिसरी गोष्ट ध्वनी. परीक्षक अंधुक चित्र सोसतात, न कळणारा आवाज सोसत नाहीत. ग्रामीण भागात उघड्यावर केलेल्या मुलाखतीत वाऱ्याचा आवाज असतोच. येत्या भेटीत त्या गावाचे निव्वळ आवाज वेगळे रेकॉर्ड करा. पहाटे चार वाजता, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीत काय ऐकू येतं? ते नुसतं दहा मिनिटं रेकॉर्ड केलेलं तुम्हाला संकलनाच्या टेबलावर सोन्यासारखं लागेल.

आणि माणसांची परवानगी. बुलेटिनसाठी दिलेली बाइट वेगळी, महोत्सवांत फिरणाऱ्या चित्रपटासाठी दिलेली संमती वेगळी. ज्या माणसाने आपल्या मुलांचं मरण तुमच्या कॅमेऱ्याला सांगितलं, त्याला तयार होत असलेला कट, म्हणजे संकलित चित्रपट, आधी दाखवा, तो कुठे जाणार आहे ते समजावून सांगा, आणि मग लेखी संमती घ्या. त्याने एखादा भाग काढायला सांगितला तर काढा. यात तडजोड करू नका.

आता नियमांचं. इथे बऱ्याच गोष्टी तुमच्या संस्थेच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि प्रत्येक वर्षीची नियमावली मुळातून वाचणं भाग आहे. सर्वसाधारण चौकट अशी की ज्या वर्षाचे पुरस्कार आहेत त्या कॅलेंडर वर्षात चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र मिळालेलं असावं लागतं. मान्यताप्राप्त फिल्म संस्थांच्या पदविका चित्रपटांना यात सवलत आहे. संस्थाप्रमुखाने चित्रपट त्या मुदतीत तयार झाल्याचं लिहून दिलं की चालतं. महाविद्यालयाचा जनसंवाद विभाग या सवलतीत बसेलच असं धरून चालू नका. रीतसर प्रमाणपत्र काढणं सुरक्षित. अर्ज ‘ई-सिनेप्रमाण’ या संकेतस्थळावरून करता येतो. मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून ते हातात पडेल या भरवशावर राहू नका, नाहीतर चित्रपट एका वर्षात तयार होतो आणि प्रमाणपत्र दुसऱ्या वर्षाचं मिळतं.

निर्माता कोण, हे पहिल्याच दिवशी कागदावर ठरवा. उपकरणं महाविद्यालयाची, संमतीपत्रं महाविद्यालयाच्या नावाने, तर निर्माता महाविद्यालय आणि प्रवेशिकाही त्यांनीच भरायची. तुम्ही तुमच्या नावाने परस्पर पाठवू शकत नाही. यावरून विद्यार्थी आणि संस्था यांच्यात कटुता आलेली मी पाहिली आहे, तीही चित्रपट चांगला झाल्यावर, म्हणजे अगदी चुकीच्या वेळी. प्राचार्यांची सही आधीच घेऊन ठेवा. इंग्रजी सबटायटल लागतील. ती करायला भाषा जाणणारं माणूस शोधा, कारण किल्लारीच्या बोलीतलं ‘हबकून गेलो’ यंत्राच्या भाषांतरात मरून जातं. संगीत यूट्यूबवरून उचललेलं चालणार नाही. आणि शेळी, बैल, कोंबडा यांना घेऊन काही घडवून चित्रित करणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी घ्यावी लागते. ग्रामीण विषयांवर काम करणारी मुलं इथेच अडकतात.

राष्ट्रीय पुरस्कार हे एकच ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू नका. मुंबईत दर दोन वर्षांनी होणारा मिफ्फ हा माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव आहे, त्यात विद्यार्थी चित्रपटासाठी पुरस्कार असतो. तिरुअनंतपुरमच्या माहितीपट महोत्सवात परिसर चित्रपटांचा वेगळा विभाग असतो. पुण्याच्या पिफ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामध्येही विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा असते. इफ्फीमध्ये २०२१ पासून तरुण कलावंतांना निवडून बोलावण्याचा उपक्रम आहे, तो संकलक आणि ध्वनिलेखकांसाठीही उपयोगी. मात्र नावात ‘नॅशनल’ किंवा ‘इंटरनॅशनल’ घालून प्रवेशशुल्क घेणारे आणि सगळ्यांनाच चषक वाटणारे महोत्सव गल्लोगल्ली झाले आहेत. परीक्षक कोण, मागच्या वर्षीचे चित्रपट कुठे दाखवले, प्रत्यक्ष प्रेक्षक होते का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय पैसे भरू नका. ते पैसे चांगल्या मायक्रोफोनवर खर्च करा.

शेवटचा प्रश्न अभ्यासक्रमाचा. एक वर्षाचा टीव्ही अभ्यासक्रम की तीन वर्षांचा फिल्मचा, याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. घरची परिस्थिती, वय, आणि तुम्हाला मुळात कोणतं काम आवडतं यावर ते आहे. दोन्हींसाठी आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते, तेव्हा ती पूर्ण करा. एप्रिल २०२५ मध्ये एफटीआयआयला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे अभ्यासक्रमांची रचना येत्या काळात बदलू शकते, माहितीपत्रक ताजंच पाहा. माझा कल विचाराल तर तुमच्यासारख्याने, जो चार वर्षं वाहिनी चालवून आला आहे, एक वर्षाचा टीव्ही अभ्यासक्रम कमी प्रतीचा समजून नाकारू नये. तुम्हाला कॅमेरा कसा धरायचा हे शिकायचं नाही, चांगले सहकारी आणि कडक शिक्षक हवे आहेत, आणि ते एका वर्षातही मिळतात. ज्याने अजून काहीच केलेलं नाही आणि ज्याला कथापटच करायचा आहे, त्याला मी तीन वर्षांचा सल्ला देईन. प्रवेशासाठी मुलाखत होईल तेव्हा किल्लारीच्या फुटेजमधली सलग तीन मिनिटं, संगीताशिवाय, सोबत ठेवा.

तोपर्यंत करायचं काम साधं आहे. विभागातल्या सगळ्या हार्ड डिस्क आणि कार्डं एका टेबलावर आणा, किल्लारीचं प्रत्येक फुटेज दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा आणि एका वहीत नोंद करा: तारीख, माणसाचं नाव, गाव, कितव्या मिनिटाला काय बोलला. ही नोंद दोघांनी मिळून केली तर महिन्याभरात होते. ती झाली की इथेच कळवा, कोणती माणसं एकाहून जास्त वर्षं बोलली आहेत ते पाहून रचनेबद्दल पुढे बोलू.